इथे मासे नाहीत

गृहस्थ आले तेव्हा मी गुडघ्यांवर होतो. लहान, नितळ नदीत ट्राऊटच्या मागे लागायचं तर ताठ मानेने जमत नाही. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्या मागून, खालच्या अंगाने यायचं. आणि वाकून, कारण पाण्याखालून त्याला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण 97 अंशांच्या. बुटकं असेल ते खिडकीच्या कडेला चेपून जातं, उंच असेल ते छान दिसतं. गृहस्थ चांगले उंच. शर्ट पांढराशुभ्र.

"काही लागलं का?"

मी ओठांवर बोट ठेवलं. ते समजूतदार निघाले, आवाज एकदम खाली आणला आणि दणदण पावलं टाकत जवळ आले. वास्तविक गप्पा खुशाल माराव्यात, हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. काठावरच्या पावलांचा हादरा मात्र थेट पोचतो. हे कुजबुजत कसं समजावणार?

मी माशी बांधत होतो. 16 नंबरचा गळ, त्यावर पिसं आणि दोरा. माशीला जोडायचा पुढचा बारीक दोरा 6एक्स, म्हणजे 0.005 इंच जाड. (11 मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाचे हजारांश मिळतात. सरळ जाडी छापली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?) पाच वेढे घ्यायचे आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाने तापून दोरा तिथेच कमजोर होतो.

"शी!" गृहस्थ कुजबुजले. "गांडूळ का नाही लावत?"

"ही खोटी माशी आहे."

"म्हणजे फसवणूक."

"हो."

"आणि मिळाला की तळणार?"

"सोडून देणार."

यावर ते बराच वेळ गप्प राहिले. एवढं खुळं माणूस एकटं सोडावं की नाही, असा विचार चेहऱ्यावर स्पष्ट होता.

समोर दगडाच्या आडोशाला मासा वर येऊन टिपत होता. मधे जोराचा प्रवाह. त्यावर बारीक दोऱ्यामागचा जाड दोर पडला की तो माशीला ओढतो, मागे बारीक रेघ उठते आणि मासा तोंड फिरवतो. म्हणून रॉड उंच धरायचा, दोर पाण्यावर जेमतेम टेकवायचा. पाठीमागे झुडूप, म्हणजे मागे झोका घेणं बंद. दोर पाण्यावरूनच पुढे लोळवायचा. हात उचलला, आणि...

"तो बघा! तो बघा!" काठाच्या अगदी टोकावर, हात लांब, मनगटावर चकाकतं घड्याळ.

मासा गेला. असा बिथरलेला मासा कधी पंधरा मिनिटांत परत येतो, कधी तासभर येत नाही. आणि पळताना वाटेतल्या बाकीच्यांनाही उठवून जातो.

"इथे काही नाही हो," गृहस्थांनी निकाल दिला. "थांबा, वरचा डोह बघून येतो तुमच्यासाठी."

नको म्हणेपर्यंत ते निघालेही, काठाकाठाने. मला पुढे वरच जायचं होतं. थोड्या वेळाने वरून हाक आली, आता पूर्ण आवाजात:

"इथेही नाहीत! त्याच्या वर बघतो!"