निळ्या डब्याचे प्रकरण

मूल बालवाडीत तीन तास असते आणि उरलेले एकवीस तास बालवाडी आपल्या घरी असते, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळी कोणीही सांगत नाही. माहितीपत्रकात हसतखेळत शिक्षण, मुक्त वातावरण आणि दप्तराचे ओझे नाही, अशी आश्वासने होती आणि शाळेने ती काटेकोरपणे पाळली, हे नोंदवलेच पाहिजे. मुलांच्या पाठीवर ओझे नव्हतेच. ते ‘छोटा गट, पालक’ या नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर होते. या ग्रुपवरचा निरोप रात्री नऊच्या सुमारास येतो, म्हणजे स्टेशनरीवाल्याने शटर अर्धे ओढलेले असते आणि फुलवाला घरी जेवायला बसलेला असतो, नेमका तेव्हा. भाषा अत्यंत विनम्र असते. ‘उद्या मुलांसोबत पाच वाळलेली पाने, एक मोरपीस आणि आजोबांचा फोटो पाठवावा’ असे लिहून पुढे जोडलेल्या हातांचे चित्र असते, आणि त्या जोडलेल्या हातांपुढे भल्याभल्यांचे काही चालत नाही. भर पावसाळ्यात वाळलेली पाने कुठून आणायची, असे एका नव्या पालकाने एकदा विचारले होते. त्याला उत्तर मिळाले नाही. सात-आठ अंगठे मात्र मिळाले. ते त्याच्या प्रश्नाला होते की ताईंच्या निरोपाला, याचा उलगडा अखेरपर्यंत झाला नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आहे आणि त्या स्तरावर मुलांनी खेळातून व कृतीतून शिकावे, असे म्हटले आहे. कृती नेमकी कोणी करायची, याचा खुलासा आमच्या घरी झाला. दसऱ्याच्या पाटीपूजनासाठी एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची होती. कन्येला एकचा आकडा येत होता, पण सरस्वती येत नव्हती. मला दोन्ही येते असे गृहीत धरून ती झोपली. आषाढीच्या दिंडीत दोन विठ्ठल आणि चार-पाच रखुमाया निघाल्या, कारण पात्रांची निवड पालकांच्या उत्साहावर सोडलेली होती. त्यातल्या एका विठ्ठलाची घरी इतकी तालीम झाली होती की कार्यक्रम संपेपर्यंत त्याने कमरेवरचे हात काढलेच नाहीत. राजगिऱ्याचा लाडू ताईंना त्याच्या तोंडात भरवावा लागला, आणि मध्येच शू लागल्यावरही हात जागचे हलले नाहीत. पुढची सगळी व्यवस्था मावशींनी पाहिली. भोंडल्याची खिरापत ओळखायची असते, पण चार वर्षांच्या माणसाला गुपित सांभाळण्याचे तंत्र ठाऊक नसल्यामुळे ‘माझ्या डब्यात वाटली डाळ आहे आणि ती तुम्ही ओळखायची आहे’ ही घोषणा वर्गाच्या दारातूनच झाली. ३ जानेवारीला वर्गातल्या यच्चयावत मुली सावित्रीबाई झाल्या आणि त्यांपैकी एका सावित्रीबाईंनी दुसऱ्या सावित्रीबाईंची पाटी पळवली. संक्रांतीचे काळे कपडे, बालदिन आणि वेशभूषा स्पर्धेतले बोलके झाड यांच्याविषयी मी विस्ताराने लिहीत नाही, कारण झाडाचा डिंक अजून आमच्या सोफ्याला आहे.

हे सगळे सण पंचांगात असतात, त्यामुळे माणूस मनाची तयारी तरी करू शकतो. रंगदिवस पंचांगात नसतो. महिन्यातून एकदा एक रंग ठरतो, त्या दिवशी मुलाने त्या रंगाचे कपडे घालायचे आणि डब्यातही त्याच रंगाचा पदार्थ न्यायचा. ही कल्पना मूळ कोणाच्या डोक्यातली, याचा शोध घेता घेता मी थेट जर्मनीत पोहोचलो. फ्रीडरिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. मुलांच्या हाती द्यायचे त्यांचे पहिले साधन म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा. ते चेंडू खायचे नव्हते, ही त्या योजनेतली फार मोठी सोय होती. पुढे १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली आणि ती १८६० मध्ये उठली. इतिहासकार या बंदीची धार्मिक आणि राजकीय कारणे देतात. माझा संशय असा आहे की संबंधित मंत्रिमहोदयांचे चिरंजीव छोट्या गटात होते आणि त्या महिन्यात निळा दिवस आला होता.

लाल दिवस बिटाच्या पराठ्यावर निभावला आणि पिवळा ढोकळ्यावर. ऑगस्टचा रंग निळा, असे जाहीर झाले तेव्हा ग्रुपवर काही काळ शांतता पसरली. निळा रंग निसर्गाने आकाश, मोर आणि खंड्या यांच्यावर सढळ हाताने उधळला, पण भाजीमंडईपर्यंत येता येता तो संपला असावा. वांगी जांभळी असतात, जांभूळ तर नावापासूनच जांभळे असते आणि त्याचा हंगामही ऑगस्टपर्यंत उरकलेला असतो. एका बाबांनी बाटलीतला खायचा निळा रंग सुचवला. त्यावर डॉक्टर असलेल्या एका आईने एवढा मोठा निरोप लिहिला की ‘अधिक वाचा’ वर बोट ठेवण्याचे धाडस कोणालाच झाले नाही. नुसता डबा निळा असला तर चालेल का, असे कोणीतरी हळूच विचारले. ‘पदार्थही निळा असल्यास उत्तम’ असे ताईंचे उत्तर आले. ‘असल्यास उत्तम’ याचा अर्थ ‘नसल्यास बघून घेऊ’ असा होतो, हे शिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

तेव्हा सौभाग्यवतींना गोकर्ण आठवला. मलेशियातल्या केलांतान राज्यात गोकर्णाच्या फुलांनी रंगवलेला निळा भात लोक आवडीने खातात, असे तिने कुठेतरी पाहिले होते. मलेशिया दूर असला तरी गोकर्णाचा वेल आमच्याच सोसायटीच्या कुंपणभिंतीवर होता. अडचण एवढीच की वेल तळमजल्यावरच्या काकूंनी लावलेला होता, महिना श्रावण होता आणि निळा दिवस सोमवारी होता. पहाटे सहाच्या आत मी भिंतीपाशी पोहोचलो, तर काकू परडी घेऊन आधीच उभ्या.

“काय रे, तुला कशाला फुलं?”

“काकू, भात करायचाय.”

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि आवाज खाली आणून विचारले, “नोकरी आहे ना रे अजून?”

मी छोट्या गटाची हकिकत सांगितली. ती ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटली ती माझ्यासाठी होती की पुढच्या पिढीसाठी, ते कळले नाही, पण त्यांनी दुहेरी पाकळ्यांची टपोरी फुले महादेवासाठी बाजूला काढली आणि एकेरी फुले माझ्या ओंजळीत घातली.

निळा भात होताना पाहणे ही मात्र खरोखर पाहण्यासारखी गोष्ट आहे. देठाकडचा हिरवा भाग काढून पाकळ्या उकळत्या पाण्यात टाकल्या, तेव्हा प्रत्येक पाकळीतून आधी निळ्या रंगाची एक बारीक रेघ खाली उतरली, मग त्या रेघा एकमेकींत मिसळल्या आणि बघता बघता पातेल्यातले पाणी दौतीतल्या शाईसारखे गडद झाले. पाकळ्या मात्र धुतल्यासारख्या फिक्या पडून वर तरंगू लागल्या. त्या पाण्यात आंबेमोहोर शिजला. झाकण काढल्यावर निरभ्र आकाशाच्या रंगाची वाफाळती शिते दिसली आणि घरातली सगळी माणसे ओट्याभोवती जमली. कन्या स्टुलावर उभी राहून टाळ्या पिटत होती. मी फोटो काढण्यासाठी फोन आणायला आत गेलो, आणि तेवढ्या अवधीत आईने स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

परत येऊन पाहतो तो आईच्या हातात अर्धे लिंबू.

“अरे, लिंबू पिळलं की भात मोकळा होतो. इतकी वर्षं तुम्हाला जेवायला घालतेय मी.”

ज्या ज्या शितावर रस पडला होता ते शीत जांभळे झाले होते. तो डाग लपावा म्हणून सौभाग्यवतीने घाईघाईने भात खालीवर केला, तेव्हा डाग खरोखरच लपला, कारण अख्खे पातेले जांभळे झाले. गोकर्णाच्या पाकळीतले रंगद्रव्य आंबटाशी गाठ पडताच निळेपण सोडते. शाळेत लिटमसच्या कागदावर हे सगळ्यांनी पाहिलेले असते, पण लिटमसचा कागद सव्वाआठच्या व्हॅनने डब्यात घालून पाठवायचा नसतो. आई निकालावर पूर्ण समाधानी होती. “बघ, आता कसा छान दिसतोय. मघाशी विष कालवल्यासारखा दिसत होता.”

“जांभळा दिवस पुढच्या महिन्यात आहे,” सौभाग्यवती भिंतीकडे पाहत म्हणाली. दुसरा भात लावायला ना वेळ होता ना फुले. कन्या निळा फ्रॉक, निळी रिबीन आणि निळ्या डब्यात जांभळा भात घेऊन व्हॅनमध्ये बसली.

दुपारी तिला आणायला गेलो तेव्हा ताई दारातच होत्या. “बाबा, जरा थांबता का?” हे वाक्य ऐकल्यावर कितीही मोठ्या हुद्द्यावरचा माणूस छोट्या गटात जातो. मी चपला नीट जोडीने लावून उभा राहिलो. झाले होते असे की इतर मुलांच्या डब्यांत निळ्या कागदात गुंडाळलेली इडली, निळ्या झाकणाखालचा उपमा आणि एका ठिकाणी चक्क निळा चमचा होता. ताईंनी सगळ्यांचे सारखेच कौतुक केले होते. आमच्या डब्यापाशी मात्र कन्येने स्वतःच निवेदन सुरू केले: “आमचा भात निळा होता. आजीने त्याला लिंबू दाखवलं आणि तो घाबरून जांभळा झाला.” यानंतर वर्गातल्या एकाही मुलाचे लक्ष निळ्या रंगात राहिले नाही. भात का घाबरला, लिंबाला सगळेच घाबरतात का, भाताऐवजी दूध असते तर काय झाले असते, अशा प्रश्नांत तास संपला होता.

मला बोलणी बसतील अशी अपेक्षा होती, पण ताईंनी वही काढून फुले किती घेतली, पाणी किती घेतले, हे टिपून घेतले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शंखशिंपले, बिया आणि पाने यांवर बालशिक्षण उभे केले, अशा जातकुळीतल्या आमच्या ताई आहेत, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. तोवर रात्री नऊनंतर थर्माकोल मागणाऱ्या बाई एवढीच माझ्या मनात त्यांची प्रतिमा होती. चार दिवसांनी वर्गात काचेच्या पेल्यांतून गोकर्णाचे पाणी ठेवले गेले. एका पेल्यात लिंबू पिळले, एकात खायचा सोडा टाकला. लिंबाचे पाणी जांभळे झाले आणि सोड्याचे हिरवट. कन्येने घरी येऊन आजीला सांगितले की सोड्याला भात घाबरत नाही, फक्त त्याला मळमळते.

प्रयोग वर्गातच आटोपला असता तर बरे झाले असते. पण रात्री नऊ वाजता ग्रुपवर निरोप आला: हा प्रयोग प्रत्येक मुलाने घरी करून त्याचे फोटो पाठवावेत. खाली जोडलेले हात. आमच्या सोसायटीत छोट्या गटाची चार मुले राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू परडी घेऊन भिंतीपाशी आल्या तेव्हा वेलावर देठ तेवढे शिल्लक होते, आणि संध्याकाळपर्यंत तिथे खडूने लिहिलेली पाटी टांगली गेली: ‘फुले देवासाठी आहेत. छोट्या गटाच्या पालकांनी तोडू नयेत.’

कन्येला तोवर ग, म, भ, न ही अक्षरे शिकवून झाली होती. शाळेतून येताना ती पाटीसमोर थांबली, ‘गटाच्या’ मधल्या ग वर बोट ठेवून “ग गणपतीचा” असे ओरडली आणि मग ‘नयेत’ मधल्या न पाशी जाऊन “न नळाचा” असे त्याहून मोठ्याने ओरडली. आवाज ऐकून काकू दार उघडून बाहेर आल्या. आपल्या पाटीचे एवढे मन लावून वाचन या सोसायटीत आजवर कोणी केले नव्हते, त्यामुळे त्या थोड्या विरघळल्या असाव्यात. त्यांनी तिच्या हाताला लागलेला खडू पदराने पुसला आणि माझ्याकडे वळून विचारले, “आता पुढच्या महिन्यात कुठला रंग?”

“जांभळा, काकू.”

“मग एक दिवस आधी सांग, फुलं ठेवीन,” काकू म्हणाल्या, “आणि आईला म्हणावं, लिंबू बेतानं पिळा.”