आमच्याकडचं झुकस्पीट

पुणेकरणीचा मेसेज आला : "इंदूरला येतेय, कॉन्फरन्स आहे. शनिवार-रविवार तुझ्याकडे. काकूंना सांग, पोहे खाणार."

आईनं तो माझ्या खांद्यावरून वाचला. आमच्या घरात फोन ही सामाईक मालमत्ता आहे. "म्हणजे तुझ्याबरोबर झुकस्पीट चढलेली तीच ना?" आईचा चेहरा उजळला. "मग भिशी शनिवारीच ठेवते. बायकांना दोघींच्या तोंडून ऐकायला मिळेल."

माझ्या पोटात गोळा आला. झुकस्पीट म्हणजे त्सुगश्पिट्झे, जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर. उंची २९६२ मीटर. निदान मी परत आले तेव्हा तेवढी होती. आईनं रामबागेतल्या मावशीला सांगताना तीन हजार केली, हळदीकुंकवात साडेतीन झाली आणि गेल्या गणपतीत तिलकनगरच्या एका काकांनी मला आरतीनंतर थांबवून विचारलं, "एव्हरेस्टच्या निम्म्याच्या वर गेली होतीस म्हणे?" मी नुसती हसले. तोंडात मोदक होता.

दिवाणखान्यात दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. एक आजीचा, १९८७ सालच्या केदारनाथ यात्रेतला. मागं बर्फाचे डोंगर, पुढं आजी, खांद्यापासून वर. त्या फोटोत आजी आहे त्यापेक्षा चांगली हातभर उंच दिसते. आई म्हणते, तीर्थाचं तेज. गौरीकुंडापासून चौदा किलोमीटर चढ, तोही अनवाणी, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. परत आल्यावर मावंदं झालं तेव्हा अख्खी गल्ली जेवली होती. दुसरा फोटो माझा. मागं सोनेरी क्रॉस, पुढं आम्ही पाच जण, घामाघूम. घाम खरा आहे, एवढं आधीच सांगून ठेवते.

पाच जण का, तर तिकीट. म्युनिकमध्ये मास्टर्स करताना आमचं सगळं सामाजिक जीवन 'बायर्न तिकिटा'वर चालायचं. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बव्हेरियातल्या साध्या गाड्यांनी हिंडता येतं आणि डोकी वाढतील तसे माणशी पैसे कमी पडतात. त्यामुळे सहलीला कोण येणार हे स्वभावावर, मैत्रीवर किंवा डोंगराच्या आवडीवर ठरत नाही. चार जण जमले की पाचवं डोकं शोधतात. मी ते पाचवं डोकं. बाकी एक चेन्नईचा, ज्याला वीस डिग्रीच्या खाली मफलर लागायचा, एक ब्राझीलची, जी प्रत्येक गायीला हाक मारायची, एक तैवानचा, जो दोन दिवसांत मिळून अकरा शब्द बोलला, आणि पुणेकरीण.

पुणेकरणीच्या बायोडेटात शिक्षणाच्या आधी किल्ले येतात. राजगड, तोरणा, नळीच्या वाटेनं हरिश्चंद्रगड, कळसूबाई (१६४६ मीटर, हे कंसासकट बोलते). आणि तिचं एक ब्रीद होतं : "रायगडाला रोपवेनं जाणाऱ्या माणसाशी मी संबंध ठेवत नाही." हे वाक्य तिनं म्युनिक ते पायथ्याचं गार्मिश या दीड तासाच्या प्रवासात दोनदा म्हटलं. वाचकांनी लक्षात ठेवावं.

माझा बायोडेटा? मी इंदूरची. आम्हाला चढ म्हणजे काय ते मुळात माहीत नसतं. आमचं नावाजलेलं सहलीचं ठिकाण पाताळपाणीचा धबधबा, म्हणजे तिथंही खालीच बघायचं. राहता राहिली जानापावची टेकडी. चंबळ तिथं उगम पावते, परशुरामाचं स्थान आहे, सगळं खरं. पण गाडी वरपर्यंत जाते आणि उतरल्याबरोबर कुणीतरी डबा उघडतं. "इंदूर सपाट आहे गं," पुणेकरीण कीव करत म्हणाली. दोन्ही शहरं समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवरच आहेत, हे मी तिला मोबाइलवर दाखवलं. तिनं ते मान्य केलं नाही. पुणे त्याहून उंच आहे असं तिचं म्हणणं होतं, आणि ते मीटरमध्ये नव्हतं.

वाट आम्ही 'सोपी' निवडली होती. राइनटालची. सोपी म्हणजे दोर आणि लोखंडी शिड्यांची नव्हे. बाकी गार्मिशहून शिखरापर्यंत वीसेक किलोमीटर आणि बावीसशे मीटर चढ. पहिल्या दिवशी राइनटालआंगर हुटं (हुटं म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर) गाठायची, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी शिखर. सुरुवातीला पार्टनाखक्लाम नावाची घळ लागते. पार्टनाख नदीनं खडक कापत नेलाय; कड्याला कोरून काढलेल्या बोगद्यांतून चालायचं, डोक्यावर पाणी ठिबकतंय, खाली नदी बोंबलतेय. सातशे मीटरची ती घळ पार करायला आम्हाला तासभर लागला, कारण पाच जणांचे दोघादोघांचे फोटो काढायचे तर दहा जोड्या होतात.

पुढं पिवळ्या पाट्या सुरू झाल्या. तिकडं डोंगरातल्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. ही पद्धत वरवर फार माणुसकीची वाटते. पण ते तास कुणाचे? जर्मन माणसाचे. पाटीवर 'चार तास' वाचून आम्ही दीड तास चाललो आणि पुढच्या पाटीवर 'साडेतीन' आलं. आपल्याकडं कसं, वाटेत भेटलेला मामा 'हे काय, इथंच, बस दहा मिनिटं' म्हणतो आणि तासभर चालवतो. पण तो तासभर उमेद तर असते! सत्तरीचं एक जोडपं दोन काठ्या टकटकवत आम्हाला मागं टाकून गेलं. "ग्रुस गॉट!" म्हणजे थोडक्यात राम राम. तासाभरानं तेच जोडपं आम्हाला पुन्हा मागं टाकून गेलं. मधे ते बसून निवांत बिअर पिऊन आले होते. या खेपेला आजोबांनी थेट एकेरीत विचारपूस केली. हजार मीटरच्या वर गेलं की डोंगरात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, असा तिकडं संकेत आहे म्हणे. "आमच्याकडं ते साडेपाचशेलाच करतात," असं पुणेकरीण स्वतःच म्हणाली आणि मग जीभ चावली. वरचा आकडा तिनं असा मान्य केला.

माझी सॅक सगळ्यांत जड होती. आत आईनं कुरिअरनं पाठवलेले दोन किलो पोहे, सेव, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला) आणि आजीच्या जुन्या नऊवारी लुगड्याची शिवलेली खोळ. तिकडच्या डोंगरातल्या मुक्कामाच्या घरांत गादी-कांबळं मिळतं, पण त्यात शिरायला स्वतःची पातळ खोळ आणावी लागते. दुकानातली महाग, म्हणून व्हिडिओ कॉलवर माप देऊन ती रामबागेत शिवून घेतली. हिरवं इरकल होतं, काठासकट. रात्री समाईक दालनात ओळीनं वीस जण झोपतात, त्यात मी एकटीच पैठणीच्या खोक्यात ठेवल्यासारखी दिसत होते. तैवानच्या मुलाचा त्या दिवसातला एकुलता एक शब्द त्या खोळीबद्दल होता : "ब्युटिफुल."

पण त्याआधी पोह्यांचं सांगायला हवं. अशा घरांत उकळलेलं पाणी लिटरवर विकत मिळतं. चहा तुम्ही आपला आणायचा. हे कळल्यावर माझ्यातलं इंदूर जागं झालं. पोह्यांना लागतं काय? वाफ. नसेल तर गरम पाणी. बाहेरच्या बाकावर चेन्नईकराच्या डब्यात मी पोहे भिजवले, वर मीठ, साखर, जीरावन आणि मूठभर सेव. कांदा नाही, डाळिंब नाही, फोडणीचा तर प्रश्नच नाही. इंदूरच्या सराफ्यात, आमच्या खाऊगल्लीत, कुणी असे पोहे समोर ठेवले असते तर मी पानासकट परत केले असते. पण आठ तास चालल्यावर, समोर कडे तांबूस होत असताना, ते काय लागले म्हणून सांगू! सत्तरीचे आजोबा डोकावले. "म्यूस्ली?" मी हो म्हटलं, समजावायला व्याकरण पुरलं नसतं. त्यांना वाटीभर दिले. ते आत गेले आणि त्यात दूध घालून घेऊन आले. जीरावन घातलेल्या पोह्यांत दूध. मी मान वळवली. त्यांनी वाटी चाटूनपुसून संपवली, हे न्यायासाठी नमूद करते.

दहाला दिवे बंद. नियम म्हणजे नियम. घोरण्याला मात्र नियम नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. डोंगरात दुपारनंतर गडगडाट होतो, म्हणून सगळे लवकर चढतात. दोन तास म्हणून पाटीवर लिहिलेल्या चढाला साडेतीन तास घेऊन आम्ही २०५२ मीटरवरच्या क्नोर हुटंला पोचलो. तोवर माझा उजवा गुडघा स्वतंत्र विचार करू लागला होता. त्यापुढं झाडं संपतात, गवत संपतं, संभाषण संपतं. नुसते पांढरे दगड आणि मधे मधे जुलैतही न वितळलेला बर्फ. चेन्नईकर मफलरमधून श्लोक म्हणत होता. ब्राझीलवालीला हाक मारायला गायी उरल्या नव्हत्या. मी मनात आजीला नमस्कार घातला. केदारनाथ ३५८३ मीटर, म्हणजे आमच्या शिखरापेक्षाही सहाशेवर. आणि ती बाई अनवाणी!

आणि मग, सुमारे सव्वीसशे मीटरवर, देहाच्या शेवटच्या टोकाला, आम्ही एक कडा ओलांडून पाहतो तर समोर रेल्वे स्टेशन.

खरंखुरं. गार्मिशहून निघालेली, दातेरी रुळावर चढणारी गाडी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून इथं येते. डोंगरावर ती १९३० पासून येते. शेजारी उपाहारगृह. तिथं एक काका चपला घालून केक खात होते. एक बाई कडेवर तान्हं बाळ घेऊन उभी होती. एक मुलगा आइस्क्रीमसाठी भोकाड पसरत होता. दीड दिवस आपण साक्षात हिमालयात आहोत अशा मनःस्थितीत चाललो होतो. पोचलो ते छप्पन दुकानवर, म्हणजे इंदूरच्या खाण्याच्या बाजारात.

शिखर अजून तीनशेसाठ मीटर वर होतं. पायवाट दिसत होती : घसरडी खडी, मग दोर धरून कडा, त्यावर उतरत आलेलं धुकं. १८२० साली जोसेफ नाउस नावाचा लेफ्टनंट नकाशाच्या कामासाठी तिथं पोचला होता. इंदूर होळकरांची राजधानी होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि माझ्या मते त्या माणसानंही इंदूरलाच यायला हवं होतं. पायवाटेच्या विरुद्ध बाजूला शिखरावर जाणारा रोपवे होता.

कुणी काही बोलेना. पुणेकरीण पायवाटेकडं पाहत होती. दोन दिवसांत पहिल्यांदाच ती सलग दहा मिनिटं गप्प होती. मग उठली, जंगल शूज आपटले आणि म्हणाली, "नुसतं बघून येते, रांग किती आहे ते."

वर जाऊन आम्ही तो फोटो काढला. मग त्या दातेरी रुळाच्या गाडीनं खाली. बोगद्याच्या अंधारात पाच जणांनी शपथ घेतली. रेंज आल्याबरोबर आईचा फोन. "चढलीस?"

"पोचले," मी म्हटलं.

आता मला सांगा, यात खोटं काय आहे? 'चढले' असं मी आजतागायत कुणालाही म्हटलेलं नाही. 'पोचले' आणि 'चढले' यांच्यात तीनशेसाठ मीटरचं अंतर आहे, आणि ते आईनं भरून काढलं.

तर शनिवार. भिशीच्या चौदा बायका, पोहे, जिलबी. पुणेकरणीनं आल्या आल्या आजीच्या पाया पडून, "तुम्ही टमाटर म्हणता? किती गोड!" असं म्हणून आईला थोडं दुखावलं होतं, पण नंतर तिनं मैदान मारलं. मी तोंड उघडायच्या आत तिनं सुरुवात केली. मला ठाऊकच नव्हतं, पण पुण्यातही एक झुकस्पीट तयार झालं होतं! त्यात धुकं जास्त होतं, खडी जास्त होती आणि शेवटच्या कड्यावर हातपाय गाळून बसलेल्या एका इंदूरच्या मुलीला दोराला धरून वर खेचलेलं होतं. बायका माझ्याकडं हळहळून पाहत होत्या. मी काय करणार? तिला खोटं पाडायचं तर स्वतःलाही पाडावं लागलं असतं. आई 'बघा!' अशा थाटात जिलबी फिरवत होती. तिच्या आवृत्तीत दोर नव्हता, आता येईल.

आजी कोपऱ्यात मटार सोलत होती. नजर वर न करता तिनं विचारलं, "रांग फार होती का गं?"

"नाही आजी, वीसच मिनिटं," पुणेकरीण म्हणाली.

एक जिलबी ताटात पडल्याचा आवाज झाला. पुणेकरणीनं माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं.

"कसली रांग?" आई म्हणाली.

"फोटोत मागं बाई उभी आहे," आजी म्हणाली. "कडेवर तान्हं आहे तिच्या. चार वर्षं बघतेय मी. ते लेकरू का दोर धरून वर आलं?" मटाराची शेंग फोडून तिनं दाणे परातीत सोडले. "पण पोरगी पोचले म्हणाली होती. चढले नव्हती म्हणाली. मी नीट ऐकलंय."

"अहो, पण आई, तुम्ही केदारनाथला..."

"मी तरी काय म्हटलं होतं? पोचले म्हटलं होतं. चौदा किलोमीटर नि अनवाणी हे तुझ्या सासऱ्यांचं." आजीनं भिंतीवरच्या फोटोकडं मान उडवली. "त्यांनीच कापून फ्रेम केला तो. खाली घोडा होता."