चार्जर तेवढा काढून ठेवा

वीजबचतीची सुरुवात मोबाइलच्या चार्जरपासूनच करावी. झोपण्याआधी घरभर फिरून एकेक चार्जर उपटावा आणि ज्याने तो लावून ठेवला त्याला दोन शब्द सुनवावेत. बरा चार्जर मोबाइल न जोडता वर्षभर तसाच राहिला, तरी फार तर दोन-सव्वादोन युनिट खातो. दोन हजार वॅटचा गिझर तेवढी वीज तासाभरात फस्त करतो. पण गिझरवरून कुणाला बोलायचं म्हटलं तर आपलीही अंघोळ आड येते.

म्हणून गिझर पहाटे पाचला लावा आणि घरातली शेवटची अंघोळ होईपर्यंत बटणाला हात लावू नका. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला अठरा-वीस मिनिटं आणि ०.६ युनिट पुरतं, ही माहिती घरात पसरू देऊ नये. थर्मोस्टॅटही शेवटपर्यंत पिळून ठेवा. टाकी जितकी कढत, तितकी तिची उष्णता बाहेर जाते आणि कॉइल पुन्हा पुन्हा लागते. वर त्या पाण्यात तुम्ही बादलीभर गार पाणी ओतणारच.

दिव्यांच्या बाबतीत मात्र कडक राहा. नऊ वॅटचा एलईडी १११ तास जळतो तेव्हा कुठे एक युनिट होतं, तरी पॅसेजमधला दिवा राहिला की पाहुण्यांदेखत बोला. रिकाम्या खोलीत ७५ वॅटचा पंखा गरगरत असेल तर असू द्या, हवा खेळती राहते. रोज १५ तास चालला तर महिन्याला जवळपास ३४ युनिट. ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा तेच काम साडेतेरा युनिटांत करतो, पण जुना अजून ‘चांगला चालतोय’ ना! त्याला भिंतीवरचा खोक्यासारखा जुना रेग्युलेटर असेल तर फारच छान. पंखा एकवर ठेवून बचतीचं समाधान मिळवा. वाचलेल्या विजेतली बरीचशी तो खोका स्वतः तापण्यात घालवतो. हात लावलात तर कळेल, म्हणून लावू नका.

टीव्ही रिमोटने बंद केला की विषय संपला. सेट-टॉप बॉक्स रात्री दोनलाही कोमट लागतो, तो आपला स्वभावाने उबदार. दहा वॅटने चोवीस तास, म्हणजे महिन्याला सात युनिट.

एसी लावताना थेट १६. खोली त्यामुळे लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर थांबायचं तेवढं विसरतो. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतं, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. तुम्ही १६ करा आणि वर दुलई घ्या.

शंभराच्या वर एक युनिट गेलं की अख्खं बिल वरच्या दराने लागतं, ही समजूतही जपा. महाराष्ट्रात घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे वाचवलेलं युनिट कमी होतं ते सगळ्यात महाग टप्प्यातून. हे एकदा कळलं की माणूस पंख्यांचा हिशोब करायला बसतो, ते टाळलेलं बरं.

मीटरकडे तर बघूच नका. त्यावर एका युनिटला किती वेळा लाल दिवा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. समजा ३२०० आहे आणि दिवा मिनिटाला १६ वेळा लुकलुकला, तर घर त्या क्षणी ३०० वॅट ओढतंय. एकेक उपकरण बंद करत मोजलं तर अर्ध्या तासात चोर सापडतो. सगळी बटणं, फ्रीजसुद्धा, बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला, तर थकलेल्या बॅटरीचा इन्व्हर्टर, गच्चीवरचा पंप किंवा वायरिंगमधली गळती यांपैकी काहीतरी निघतं. इतकी शोधाशोध कोण करणार?

त्यापेक्षा ‘मीटर पळतंय’ असा अर्ज ठोका आणि तपासणीचं शुल्क भरा. तपासणीत मीटर बरोबर निघालं, तर तपासणाराच वीज कंपनीला सामील होता, हे सोसायटीच्या ग्रुपवर त्याच दिवशी टाका.