डावा हात वर

सर, मूल्यशिक्षणावरच्या माझ्या लेखाला एवढं सविस्तर उत्तर लिहिलंत, आभार. ‘परिपाठ बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी साठ पोरांचा वर्ग सांभाळून दाखवावा’ हे वाक्य लागलं, पण खोटं नाही. मी वर्ग कधीच सांभाळलेला नाही.

तुमचा मुख्य आक्षेप असा, की मूल्यशिक्षणाच्या नावाखाली मी मुलांना नुसता वाद घालायला शिकवू पाहते. चांगलं वागणं सवयीनं येतं, चर्चेनं नाही. इथं ॲरिस्टॉटल सरळ तुमच्या बाजूचा. वाद्य वाजवून वाजवूनच माणूस वादक होतो, तसा न्यायानं वागत गेल्यानंच न्यायी होतो, असं तो म्हणतो. आणि नैतिक पेच घालून मुलांची समज कशी वाढते ते तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ कोहलबर्गवर मी जरा भारावूनच लिहिलं, हेही कबूल. मरणाऱ्या बायकोसाठी नवऱ्यानं औषध चोरावं का, या त्याच्या पेचावर मुलगा छान बोलला म्हणून तो उद्या रांगेत घुसणार नाही, असं थोडंच आहे! शिवाय कोहलबर्गच्या मूळ अभ्यासात सगळे मुलगेच होते. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगननं १९८२ मध्ये नेमकं तिथंच बोट ठेवलं.

पण सर, सवय कशाची?

आमच्या शाळेत तपासणीच्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूनं ‘नेहमी खरे बोलावे’ लिहिलं होतं. आदल्या दिवशी बाईंनी तालीम घेतलेली : साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. गणिताला मी डावा हात ताठ धरून बसले. साहेब खूश. (बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनाही वर कुणाला तरी तोंड द्यायचं होतं.) सुविचार आम्ही रोज वहीत उतरवायचो, सवय मात्र डाव्या हाताची लागली.

१९२० च्या दशकात अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना लबाडीची संधी देऊन पाहिलं. बरं-वाईट काय ते ठाऊक असणं आणि प्रामाणिक वागणं यांचा मेळ फारसा बसला नाही. तेच मूल एके ठिकाणी सरळ, दुसरीकडे कॉपी करणारं. म्हणून माझा राग परिपाठाच्या वीस मिनिटांवर नाही. ती उरकली की मूल्यांचं काम झालं, या समजावर आहे.

तुम्हीच लिहिलंय, गुणांची बेरीज चुकली म्हणून तुमच्या गुरुजींनी भर वर्गात एका मुलाची माफी मागितली. चाळीस वर्षांनीही तुम्हाला त्या मुलाचा बाक आठवतो. त्या दिवशी फळ्यावर सुविचार कोणता होता, सर?