आधी डिलिव्हरी विचारा, मग सॉफ्टवेअर निवडा

एडिटिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपवर ‘प्रोफेशनल व्हायचंय?’ अशा मथळ्याचा एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्यात पाच सूत्रं आहेत. प्रीमियर प्रो हे एडिटिंग सॉफ्टवेअर वापरत नसाल तर तुम्ही हौशी. एमओव्ही म्हणजे क्वालिटी, एमपी४ म्हणजे मोबाइलची फाइल. शूट कशातही असो, एक्सपोर्ट ४केमध्ये, सेकंदाला ६० फ्रेमने आणि जास्तीत जास्त बिटरेटने (दर सेकंदाला खर्च होणाऱ्या डेटाने) करा. व्हिडिओ दाबून लहान करण्याचं एच.२६४ हे मानक जुनं झालं, सगळं एच.२६५मध्ये द्या. आणि असा एक प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेल्या सेटिंग्जचा संच, जतन केला की तोच सगळीकडे चालतो.

हे वाचून कुणी उसने पैसे काढून सबस्क्रिप्शन घेतं, कुणी क्रॅक, म्हणजे चोरीची आवृत्ती, शोधत बसतं, आणि ज्याच्याकडे साधा लॅपटॉप आहे तो ‘हे आपलं काम नव्हे’ असं समजून मागे फिरतो. हे शेवटचं मला सहन होत नाही. म्हणून प्रत्येक सूत्राला उत्तर देतो. माझं म्हणणं एवढंच: फाइल कुठे आणि कशावर चालणार, म्हणजे डिलिव्हरी काय, ते आधी विचारा.

पहिलं सूत्र सॉफ्टवेअरचं. २०२० साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळवणारा ‘पॅरासाइट’ फायनल कट प्रो ७वर एडिट झाला होता. ती आवृत्ती २००९ची, आणि ॲपलने २०११मध्येच तिची विक्री थांबवली होती. चित्रपटाला संकलनाचं नामांकनही होतं. हॉलिवूडच्या मोठ्या चित्रपटांत आणि मालिकांत ॲव्हिड मीडिया कंपोजरचा दबदबा आहे, कारण एकाच प्रोजेक्टवर चार-सहा जणांनी एकाच वेळी काम करण्याची त्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. आपल्याकडे लग्नाच्या कामात अनेक स्टुडिओ आजही एडियसवर आहेत. दोन-तीन प्रकारच्या कॅमेऱ्यांचं फुटेज एकाच टाइमलाइनवर टाकून, आधी रेंडर (प्रक्रिया करून नवी फाइल) न करता कापता येतं, हे त्यामागचं साधं कारण. प्रीमियरची बाजूही खरी आहे. काम जाहिरात संस्थेचं असेल, ग्राफिक्स आफ्टर इफेक्ट्समधून येणार असतील आणि शेवटी प्रोजेक्ट फाइलच सुपूर्द करायची असेल, तर प्रीमियरच घ्या. तिथे वाद नाही.

पण मोफत म्हणजे हौशी, हे धादांत चूक आहे. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत ३८४० बाय २१६०पर्यंत, ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट होतं, वॉटरमार्क येत नाही, आणि कलर ग्रेडिंगची मुख्य साधनं तीच असतात. तिच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात: नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवण्याची सोय) मिळत नाही, सिनेमाचं ४०९६ बाय २१६० मिळत नाही, आणि लिनक्सवर मोफत आवृत्ती एच.२६४ची फाइल उघडतच नाही. या गोष्टी लागल्याच तर स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच विकत घ्यायची असते, दरमहा पैसे नाहीत. क्रॅकचं म्हणाल तर ग्राहकाचं लग्न किंवा संस्थेचं चित्रीकरण ज्या मशीनवर आहे, तिथे कुणी बदललेला प्रोग्रॅम आणून बसवणं हा ग्राहकाच्या विश्वासाशी खेळ आहे.

साध्या लॅपटॉपवर ४के अडखळत असेल तर प्रॉक्सी बनवा: मूळ फाइलची हलकी प्रत घेऊन एडिट करा, शेवटी मूळ फाइल जोडा. प्रीमियर, रिझॉल्व्ह, फायनल कट, तिन्हींत ही सोय आहे.

त्या मजकुरात एक कसोटी नाहीच, आणि मराठी एडिटरसाठी ती फार महत्त्वाची आहे: देवनागरी. सॉफ्टवेअर निवडण्याआधी टायटलमध्ये ‘कार्यकर्त्यांच्या’, ‘दुसऱ्या’, ‘किल्ल्यावर’ एवढे तीन शब्द युनिकोडमध्ये टाइप करून बघा. रफार भलत्या अक्षरावर गेला, ह्रस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली, जोडाक्षर फुटलं, की कळतं पुढे किती त्रास आहे. प्रीमियरच्या काही आवृत्त्यांत ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ हा टेक्स्ट पर्याय निवडल्याशिवाय जोडाक्षरं नीट जुळत नाहीत. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी जण अजून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टला चिकटून आहेत. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेली ओळ सबटायटलच्या एसआरटी फाइलमध्ये गेली की तिची रोमन खिचडी होते. श्रेयनामावलीत एखाद्या आजोबांचं नाव फुटलेलं दिसणं मला फ्रेममधल्या नॉइजपेक्षा जास्त लागतं.

दुसरं सूत्र लवकर निकालात निघतं. एमओव्ही आणि एमपी४ हे चित्र-आवाज ठेवण्याचे नुसते डबे आहेत. चित्राची प्रत ठरते ती आतल्या कोडेकवर (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीवर), बिटरेटवर आणि बिट डेप्थवर (रंगांच्या छटा किती बारीक, त्यावर). एमपी४ची रचनाच मुळात ॲपलच्या क्विकटाइम फाइलवरून, म्हणजे एमओव्हीवरून घेतलेली आहे. एच.२६४चा तोच प्रवाह एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने पुन्हा एन्कोड न करता एकातून दुसऱ्यात हलवता येतो, आणि एकही पिक्सेल बदलत नाही. गैरसमजाचं मूळ इतकंच की प्रोरेस हे उच्च दर्जाचं कोडेक बहुधा एमओव्हीत मिळतं. दर्जा प्रोरेसचा असतो, श्रेय एमओव्हीला जातं.

तिसऱ्या सूत्राने सर्वांत जास्त नुकसान होतं. भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणून मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं तर चित्र लुकलुकत नाही, आणि आपल्याकडचं टीव्हीचं गणितही २५चंच आहे. आता हे २५चं फुटेज ६०मध्ये एक्सपोर्ट करा. दर ५ फ्रेमच्या जागी १२ भरायच्या, म्हणजे काही फ्रेम दोनदा आणि काही तीनदा येणार. कॅमेरा आडवा फिरला की तो असमान ठेका डोळ्याला झटक्यासारखा जाणवतो. ऑप्टिकल फ्लोने मधल्या फ्रेम तयार केल्या तर उडत्या अक्षता आणि हातांची बोटं विरघळल्यासारखी दिसतात. कबड्डीचा सामना मुळात ५० फ्रेमने शूट केला असेल तर जरूर ५०ने द्या. टाइमलाइनचा फ्रेम रेट शूटचा आणि एक्सपोर्टचा टाइमलाइनचा, यूट्यूबचीही हीच सूचना आहे: ज्या फ्रेम रेटने चित्रित केलं, त्यानेच अपलोड करा. फोनच्या फुटेजमध्ये फ्रेम रेट चढउतार करतो. ते आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या, नाहीतर भाषण संपेपर्यंत ओठ आणि आवाज वेगळे झालेले असतात.

बिटरेटचंही तसंच. यूट्यूब १०८०पी, २४ ते ३० फ्रेमच्या साध्या (एचडीआर नसलेल्या) व्हिडिओसाठी ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) सुचवतं, ४केसाठी ३५ ते ४५, आणि ४के ६०साठी ५३ ते ६८. तुम्ही काहीही चढवा, ते स्वतःचं एन्कोडिंग पुन्हा करतातच. म्हणून थोडा हात सैल ठेवणं बरोबर आहे. १०८०पीला मी १६ ते २० देतो. पण तासाभराचं व्याख्यान ८ एमबीपीएसने ३.६ जीबी होतं आणि ६८ने ३०.६ जीबी. गावाकडच्या नेटवर त्या दुसऱ्या फाइलसाठी रात्र जाते, आणि ८-बिटमध्ये टिपलेल्या आकाशातले पट्टे तसेच राहतात. कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते बिटरेट आणू शकत नाही. या सूत्रातली एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: १०८०पीचं काम ४केपर्यंत वाढवून चढवलं तर यूट्यूब त्याला सहसा जास्त चांगलं एन्कोडिंग देतं आणि बारीक पोत टिकतो. ती युक्ती यूट्यूबपुरती वापरा.

आता एच.२६५. २०१३चं हे मानक उत्तम आहे. साधारण तेवढ्याच दर्जाला एच.२६४च्या निम्म्या जवळपास बिटरेट पुरतो. पण एच.२६४, म्हणजे २००३चं मानक, जवळजवळ प्रत्येक यंत्रात चालतं, आणि कामाच्या जागी हा गुण मोठा आहे. स्वागत समारंभात एलईडी भिंतीला जोडलेला जुना संगणक, किंवा घरचा आठ-दहा वर्षांपूर्वीचा टीव्ही, १०-बिट एच.२६५ला काळा पडदा दाखवू शकतो, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो. पेनड्राइव्हचंही बघा. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही, आणि दोन तासांचा लग्नाचा चित्रपट ८ एमबीपीएसनेसुद्धा ७.२ जीबी होतो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण टीव्ही ते वाचतो का ते आधी तपासा. नाहीतर दोन भाग करा. अशा ठिकाणी ८-बिट एच.२६४, एएसी आवाज, एमपी४ एवढंच द्यावं.

राहिलं ‘एकच प्रीसेट सगळीकडे’. लघुपट करणाऱ्यांनी हे विशेष वाचावं. चित्रपटगृहात डीसीपी, म्हणजे तिथल्या प्रोजेक्टरसाठीचं डिजिटल पॅकेज, लागतं: जेपीईजी २००० चित्र, १२-बिट, एक्सवायझेड रंगावकाश (रंग नोंदवण्याची पद्धत), कमाल २५० एमबीपीएस, आणि सर्वांत निर्धोक फ्रेम रेट २४. इथे ‘जास्तीत जास्त बिटरेट’ला नियमाचंच छत आहे. २५ने शूट झालेला २५ मिनिटांचा लघुपट २४वर आणला की तो २६ मिनिटांच्या थोडा वर जातो, आणि आवाजाची पट्टी सांभाळली नाही तर पात्रं किंचित घोगरी होतात. त्यामुळे महोत्सवाचा विचार असेल तर २४ की २५ हे शूटच्या आधी ठरवायचं. प्रकाश ५० हर्ट्झचा असताना २४ने शूट करायचं झालं तरी शटर १/५०च्या आसपास ठेवता येतं. डीसीपीची ‘फ्लॅट’ नावाची चौकट १९९८ बाय १०८० असते, म्हणजे तुमची १९२० बाय १०८०ची फ्रेम दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेल काळं सोडून आत बसते. ताणून भरू नका, चेहरे रुंद होतात. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर हे सगळं करतं, पण त्याला खाऊ घालायला प्रोरेस ४२२ एचक्यू किंवा डीएनएक्सएचआर एचक्यूएक्सचा मास्टर, म्हणजे पूर्ण दर्जाची अंतिम फाइल, हवा. यूट्यूबवरून उतरवलेली फाइल नको.

टीव्हीचं जग आणखी निराळं. अनेक वाहिन्या १९२० बाय १०८०, ५० इंटरलेस्ड (अर्ध्या-अर्ध्या रेषांत दाखवलेलं चित्र), एमएक्सएफ डब्यात ५० एमबीपीएस एक्सडीकॅम कोडेक मागतात, आणि आवाजाची पातळी मोजून घेतात. युरोपच्या आर१२८ मानकात ती उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या पातळीचं एकक) आहे. वाहिनीचा स्वतःचा तपशील मागून घ्या, त्यात एक आकडा चुकला तरी टेप परत येते, असं जुने लोक अजून म्हणतात.

जपून ठेवायचा मास्टर हा वेगळा खर्च आहे आणि तो दरपत्रकात लिहायला हवा. १०८०पी, २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ एचक्यू तासाला सुमारे ८३ जीबी जागा घेतं, यूएचडीत (३८४० बाय २१६०) सुमारे ३३२ जीबी. त्याची एक प्रत टायटलविना काढून ठेवा. उद्या हिंदी किंवा कानडी आवृत्ती निघाली तर तीच कामाला येते.

काम घेताना मी ग्राहकाला चार गोष्टी लेखी विचारतो: हे कुठे चालणार, कोणत्या यंत्रावर, फाइल कोण लावणार, आणि मास्टर कोणाकडे राहणार. मग एका मिनिटाची चाचणी फाइल काढून त्याच यंत्रावर लावून बघायला सांगतो. व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती पुन्हा दाबली जाते आणि ग्राहक त्या दाबलेल्या चित्रावरून रंगांबद्दल मत बनवतो.