सर्व्हर माझा, सही दुसऱ्याची

एप्रिल अर्धा सरला. देवगडात आंबा पेट्या भरून तयार, आणि पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं फोनवर तापलेली. "पैसे भरले, पावती कुठाय?" ईमेलने धाडलेली पावती समोरच्या मेल सर्व्हरच्या दारातूनच परत आली हो! नकाराचा कोड ५५० ५.७.२५. म्हणजे तुमच्या आयपीचं, सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या आकडी पत्त्याचं, उलटं डीएनएस (आकड्यावरून नाव शोधणं) जुळत नाही, चालते व्हा.

स्वतःचा मेल सर्व्हर चालवायची खाज मलाच, कबूल. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, म्हणजे मेल खरंच माझ्या डोमेनचा हे पटवणाऱ्या नोंदी, सगळं एका रात्रीत केलं, मध्ये दोनदा लाइट जाऊनसुद्धा. अडलं ते या एका पीटीआर रेकॉर्डवर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणाऱ्या नोंदीवर. आयपीचे चार आकडे उलटे मांडून पुढे इन-ॲडर-आर्पा लावून नाव शोधतात, आणि तो झोन, म्हणजे त्या नोंदींची वही, असतो आयपीच्या मालकाकडे. डोमेन माझं, आयपी भाड्याचा. म्हणजे इथेही सातबाराच! घर मी बांधलं, घरपट्टी मी भरतो, पण सही हवी काकाची, आणि काका डोंबिवलीला.

त्यात माझ्या डोमेनच्या पॅनेलमध्ये पीटीआर नावाचा पर्याय दिसतो. भरला येड्यासारखा, दोन दिवस वाट बघितली. तिथे विचारायला कोणी जातच नाही!

समोरच्याचा राग नाही. गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्या आयपीला सुलटं-उलटं दोन्ही डीएनएस सक्तीचं केलं. स्पॅमवाल्यांचा उच्छाद बघता रास्तच आहे. राग आहे तो सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांचा. पहिल्या तिकिटाला, म्हणजे तक्रारीला, उत्तर, "एसपीएफ तपासा." दुसऱ्याला, "ब्राउझरची कॅश साफ करा." अरे, मेल सर्व्हरला कसला ब्राउझर? फोनवरचा पोरगा दर वाक्याला "होय सर, होय सर". आमच्याकडे गाऱ्हाण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात, पण तिथे देव निदान कौल तरी देतो.

नवव्या दिवशी तिकीट बंद, काम झालं म्हणे. डिग -एक्स ही आयपीवरून नाव विचारणारी कमांड मारून बघतो तर नाव आलंय, पण 'मेल'च्या स्पेलिंगात ए आणि आयची अदलाबदल! त्या नावावरून परत माझा आयपी मिळेना, म्हणजे मेल पुन्हा दाराबाहेर.

दुरुस्तीला आणखी नऊ दिवस? हापूस थांबतोय होय! शेवटी मीच माझ्या डोमेनमध्ये त्या चुकीच्या नावाचा ए रेकॉर्ड, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी नोंद, टाकला, सर्व्हर हेलो म्हणताना सांगतो ते नावही तेच केलं. पावत्या पोचायला लागल्या. बारशाचं नाव एक, सातबाऱ्यावरचं भलतंच.