लस 'लागू पडली' असं दाखवण्याची सोपी रीत

लस किती गुण देते हे बघायला आजार मोजावा लागतो, असं कुणी तुमच्या डोक्यात भरवलं असेल तर ते आधी काढून टाका. आजार मोजायचा म्हणजे जुलाब झालेल्या प्रत्येक पोराचा नमुना घ्या, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत धाडा, मग वाट बघत बसा. त्यापेक्षा रिकाम्या कुप्या मोजा. कुपी रडत नाही, आणि ऊसतोडीला निघूनही जात नाही. एखाद्या कुपीवरच्या खुणेतला आतला चौकोन उष्णतेनं काळवंडला असेल, म्हणजे लस खराब झाली असेल, तर फोटो काढताना तिथं अंगठा ठेवा.

टक्केवारीसाठी भागायला २०११ची जनगणना घ्या. ११२ टक्के आले तर घाबरू नका, अभिनंदनाचा फलक छापा. घरात कार्ड सापडलं नाही, तर आईला विचारा. पोलिओचे थेंब पाजलेले असले तरी ती "डोस दिलाय की" म्हणेल. तुम्ही बिनधास्त गोवराच्या रकान्यात टिक करा.

उद्या गोवराची साथ आली आणि लशीला नावं ठेवायची असली, तर त्याचीही सोय आहे. समजा, वस्तीत १०० मुलं, त्यातल्या ९० जणांना लस, आणि लशीचा गुण ९० टक्के. लागण सगळ्यांपर्यंत पोचली, की लस घेतलेली ९ आजारी पडतील आणि न घेतलेली दहाच्या दहा. आता फक्त दवाखान्यात आलेले १९ बघा. "जवळपास निम्म्या रुग्णांनी लस घेतली होती!" एवढं वाक्य व्हॉट्सअॅपवर सोडलं की काम झालं. उरलेली ८१ पोरं अंगणात खेळताहेत, ती काही केसपेपर काढायला येत नाहीत.

आणि टक्का नेहमी एकटाच सांगावा. रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची एक लस आफ्रिकेत तपासली, तिचे आकडे २०१० साली छापून आले. बाळाच्या पहिल्या वर्षात या विषाणूचे तीव्र जुलाब दक्षिण आफ्रिकेत सुमारे ७७ टक्क्यांनी कमी झाले, मलावीत ४९ टक्क्यांनी. इथंच थांबा. "गरिबाच्या पोटी लससुद्धा टिकत नाही" म्हणा नि उठा. पुढे वाचलंत तर पंचाईत: लस दिलेल्या दर १०० बाळांमागे वर्षाला दक्षिण आफ्रिकेत सुमारे ४ आजारपणं टळली, आणि मलावीत जवळजवळ ७. तिथं मुळात आजारच इतका, की निम्म्या गुणाच्या लशीनंही जास्त जुलाब रोखले. हा रकाना तक्त्यात ठेवू नका. कुणी विचारलंच, तर कागद आडवा पुरला नाही म्हणून सांगा.